रुग्णदराचं पेट्रोल

पंपावर नंबर आला, तसं प्रफुल्लने मागे बसलेल्या आईला सवयीने सांगितलं, "काच खाली घे गं."

पेट्रोल इतकं महागलं होतं, की रोज कराडहून साताऱ्याला कामावर जाणं त्याला रुग्णदराशिवाय परवडत नव्हतं. आणि तो दर गाडीत आजारी माणूस असेल तरच मिळायचा.

यंत्राने खिडकीतून आईचा श्वास तपासला. "अभिनंदन! फुप्फुसं पूर्ण बरी झाली आहेत. आजपासून पूर्ण दर."

"च्यायला!" प्रफुल्लच्या तोंडून निघून गेलं.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. आरशात बघायची त्याची हिंमत होईना.

"डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या ना, त्यामुळे झालं असेल," आई ओशाळून म्हणाली. "उद्यापासून नाही घेत मी."