स्मोंगची हाक

लवंगा निवडता निवडता लाहुद्दीनकाकांची फुशारकी सुरू झाली होती. "त्या त्सुनामीत सगळा किनारा वाहून गेला, पण आपल्या गावातली कोंबडीसुद्धा बुडाली नाही! जमीन हलली, कुणीतरी 'स्मोंग! लाट आली!' ओरडलं, की सगळे टेकडीवर. आणि ते मेउलाबोचे शहाणे? समुद्र मागे हटला तर मासे वेचायला धावले!"

सगळे हसले. मार्हामाचे हात थांबले. तिचं माहेर समुद्रापलीकडच्या मेउलाबोचं. मासे वेचायला गेलेल्यांत तिचे वडील होते, आणि त्यांना हाका मारत मागे धावलेली आईही.

"लाहुद्दीन, तोंड आवर," तिची सासू सलबिया म्हणाली.

"खोटं काय बोललो? अजून जमीन हलली की तुझी सून दगडासारखी बसून राहते. नवऱ्यानं ओढून नेलं तर वर पोचते. आज तो सिनाबांगच्या बाजाराला गेलाय, आज काय करेल ती? आमच्या बायका नव्हत्या का घाबरल्या?"

"घाबरल्या ना. टेकडीवर एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग खाली येऊन चुली पेटवल्या. हिनं आईबाप शोधले प्रेतांच्या रांगेत, एकटीनं. हिच्याबरोबर रडायला कोण होतं? तू होतास?"

काका पुन्हा लवंगा निवडू लागले. आमच्या बेटावर अभिमानाला तोटा नाही. त्याची झळ कुणाला लागते, तेवढं मात्र कुणी बघत नाही.

दुपारी उशिरा जमीन हलली. साधासुधा धक्का नव्हता, उभ्या माणसाला झाड धरावं लागलं. "स्मोंग! स्मोंग!" लवंगा तुडवत गाव टेकडीकडे धावलं. मार्हामा चटईवरच बसून राहिली. तिचे डोळे समुद्रावर खिळले होते.

सलबिया चार पावलं गेली, वळली, परत आली. गुडघ्यावर हात ठेवून कण्हत सुनेशेजारी बसली.

"आई, तुम्ही जा."

"कुठं?"

"वर."

"तुला इथं सोडून? वर जाऊन काय करू, माकडं मोजू?"

"आई, पाणी येईल."

"येऊ दे. या खेपेला तू एकटी नाहीस."

मार्हामानं तिच्याकडे पाहिलं. म्हातारी खरंच पाय पसरून, लुंगी नीटनेटकी करून बसली होती. तिला बुडायचं नव्हतं, हे पुन्हा पुन्हा टेकडीकडे वळणाऱ्या तिच्या नजरेवरून दिसत होतं. पण उठायचंही नव्हतं.

"उठा!" मार्हामा किंचाळली. "उठा म्हणते ना! स्मोंग!"

हा शब्द तिच्या तोंडून गावानं कधी ऐकला नव्हता. तिनं सासूच्या काखेत हात घालून तिला उभं केलं आणि लाल चिखलाच्या वाटेनं जवळजवळ फरफटतच वर नेलं.

वर सगळे समुद्राकडे बघत बसले होते. बराच वेळ गेला. समुद्र जागच्या जागी होता.

"फुकटची धावपळ," लाहुद्दीनकाका धापा टाकत म्हणाले. "पाणी काही आलं नाही, सलबिया."

सलबियानं सुनेचा चिखलानं भरलेला हात आपल्या हातात घेतला आणि टेकडीवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पाणी नाही आलं. माझी सून आली."