पायाखालचा ब्रेक

"लेथला पाय लावायचा? लाज वाटत न्हाय तुला?"

हातातली उदबत्ती तशीच धरून केरबा लेकीवर कडाडला. शेडमध्ये शिरताना चपला बाहेर काढायच्या, लेथ मशीनच्या पाया पडायचं आणि मगच बटण दाबायचं, असा त्याचा नेम. चुकून पाना पायाला लागला तरी उचलून कपाळाला लावणारा माणूस. थोरला पोरगा गेल्यापासून बंद असलेल्या शेडमध्ये आज तो पुन्हा आला, तर लेक तेजस्वीनं त्याच्या आधीच येऊन लेथच्या बुडाला आडवी लोखंडी पट्टी बसवलेली. पायानं दाबली की लोखंड पकडून गरागरा फिरणारं चक जागच्या जागी थांबणार.

"काढ आधी ती पट्टी! हिच्या जिवावर घर उभं ऱ्हायलंय आपलं. आन तू हिला लाथ मारणार व्हय?"

"व्हय, मारणार!" वेल्डिंगचा चष्मा फेकून तेजस्वी अंगावरच आली. "पट्टीला हात लावलासा तर अख्खी लेथ भंगारात घालीन!"

"कुणी घातलं हे खूळ तुझ्या डोक्यात?"

"कुणी घालाय कशाला पायजे? दादाची बाही चकमध्ये ओढली गेली तवा हितं माझ्याबिगर कोण हुतं? दोन्ही हातांनी त्याला मागं खेचून धरलं हुतं मी. बटण तिकडं भिंतीवर. त्याला सोडल्याबिगर तिथवर हात पोचत नव्हता." तिनं पट्टीवर पाय दाबला. "पाय तेवढा मोकळा हुता, आबा."