संचालकपदाची मुलाखत

"सर, कोरकू भाषेत थोडं बोलून दाखवा ना," कुलगुरू मंदाकिनी उगले म्हणाल्या.

भाषाकेंद्राच्या संचालकपदासाठी मुलाखतीला बसलेले देवस्थळी सर एकेकाळी त्यांचे मार्गदर्शक होते. कोरकू मुलं मराठी कशी शिकतात, हे मंदाकिनीबाईंनी मेळघाटात राहून शोधलं होतं. सरांनी ते स्वतःच्या नावावर छापलं, कीर्ती मिळवली, आणि बाईंनी तक्रार करताच त्यांची नोकरी घालवली.

सर कसनुसं हसले. "आता कुठं आठवतंय!"

"मग मुलांचं बोलणं समजून कोणी घेतलं होतं?"

समितीतल्या सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. सरांनी घाम पुसला. "मंदा, हे इथं कशाला?" ते पुटपुटले.

"मॅडम म्हणा." बाई खुर्चीत मागे रेलल्या. "आणि उत्तर द्या. आम्हाला काही घाई नाही."