शेगडीची बाजू

शेवटचं यंत्र खोक्यात घालून ती मनोऱ्यावरून खाली उतरली, तेव्हा चौकीसमोर रखवालदार शेगडीवर चहा ठेवत होता.

दोन उन्हाळे तिने या जंगलात काढले होते. झाडांवर ऊन किती पडतं, त्यातलं पाण्याची वाफ करण्यात किती खर्ची पडतं आणि हवा तापवण्यात किती, एवढंच मोजायचं होतं. आकडे मात्र दुपारी वेड्यासारखे वागत. ऊन तेवढंच, पण पानं एकदम तीन अंशांनी गार, आणि झाडांवरून हवेत जाणारी उष्णता दुपटीने वर. कधी साडेअकराला, कधी एकला.

"वायर ढिली असणार," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते.

समुद्रावरचा वारा आत शिरत असेल, असं तिचं म्हणणं.

"वारा आला, हे कशावरून?"

इथेच घोडं अडलं. वारा मोजायची भिंगरी पहिल्याच महिन्यात मोडली होती, नवी आलीच नाही. समुद्र नऊ किलोमीटरवर, इथून दिसतही नव्हता. आज सकाळी सरांचा निरोप आला: दोन्ही उन्हाळ्यांचे आकडे बाद, सामान घेऊन या.

"ताई, तोंड का एवढंसं?" रखवालदाराने विचारलं.

"सगळं पाण्यात गेलं, काका."

"चहा घ्या आधी. पाण्यात गेलेलं गाळून घेऊ."

उकळी फुटायच्या आत धूर वळला आणि थेट त्याच्या डोळ्यांत गेला. तो उठला, फडक्याने शेगडी उचलली आणि चौकीच्या दुसऱ्या बाजूला, मोकळ्या मातीवर नेऊन ठेवली. मग खिळ्याला टांगलेली वही काढली, चष्मा लावला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि एक ओळ लिहिली.

"काय लिहिता?"

"शेगडी फिरवली ते. दुपारी वारा उलटतो ना. ठिणगी वाळल्या पानांत गेली आणि आग लागली, तर खापर आपल्याच डोक्यावर. म्हणून वेळेसकट लिहून ठेवतो."

"रोज?"

"चहा रोज लागतो."

"कधीपासून?"

"सात वर्षं झाली असतील."

तिने वही मागून घेतली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. चार एप्रिल: वहीत अकरा चव्वेचाळीस, तिच्या आलेखात पानं गार झाली ती अकरा बेचाळीसला. पाच एप्रिल: बारा एकतीस, बारा एकोणतीस. अकरा मे, वीस मे. ती पानं उलटत राहिली. सगळीकडे तीच दोन मिनिटं.

"काका, तुमचं घड्याळ..."

"पुढे आहे," तो ओशाळला. "बायको लावते तसं. नाहीतर मी कामावर उशिरा पोचतो म्हणते. पण खोटं काही लिहिलेलं नाही, ताई."

तिने सरांना फोन लावला, वहीबद्दल सांगितलं आणि तारखा-वेळा वाचायला सुरुवात केली. नऊ तारखा झाल्यावर त्यांनी थांबवलं.

"यंत्रं परत लाव," सर म्हणाले. "आणि त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग."

तिने सांगितला. रखवालदाराने मान डोलावली आणि चहा गाळला.

पेला शेजारी ठेवून तिने आपल्या वहीतलं यंत्रांच्या यादीचं पान काढलं. मोडलेल्या भिंगरीखालची ओळ रिकामी होती. तिथे तिने नीट अक्षरात लिहिलं: शेगडी, एक. फरक, दोन मिनिटं. घड्याळ काकूंनी लावलेलं.