शेवटची बाकी

“काय म्हणतेय माझी सवत?” आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

मुलीने बॅग खुर्चीला अडकवली. “संपली आकडेमोड. मूळ संख्या नाही ती. बाकी उरली.”

आई हात पुसत बाहेर आली. आतल्या खोलीत बाबांचा डोळा लागला होता. डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नव्हते, दिवसांचं बोलत होते.

सवत म्हणजे एक संख्या. दोनाचा प्रचंड घात, त्यातून एक वजा. लिहायला बसलं तर कोट्यवधी अंक. बाबांचा जन्म गणित शिकवण्यात गेला, पण शिकवलेलं सगळं दुसऱ्यांनी शोधलेलं. ही एकच संख्या त्यांनी स्वतः हेरलेली. लहानसहान कशानेच तिला भाग जात नव्हता, तशी त्यांची आशा बळावत गेली. शेवटची कसोटी मुलीच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर महिनोन्महिने चालली होती. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या संख्येने भागायचं, उरलेल्या बाकीचा पुन्हा वर्ग. अगदी शेवटी बाकी शून्य आली, तरच संख्या मूळ.

“मूळ आहे म्हणून सांग,” आई हळू आवाजात म्हणाली. “ती काय तक्रार घेऊन येणारे?”

“यात खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलंय मला.”

“आणि तुझं यंत्रच चुकलं असेल तर?”

“यंत्र आहे ते, आई. थकत नाही, विसरत नाही. तरी दुसऱ्या संगणकावर फेरतपासणी चालू आहे, तशी रीतच आहे. तिला वेळ लागेल.”

“हे थांबतायत का तोवर?” आई म्हणाली. “एवढी शिकलीस, माणसाशी बोलायचं तेवढं राहिलं.”

बाबांना जाग आली. मुलगी उशाशी जाऊन बसली.

“बाकी?” त्यांनी एवढंच विचारलं.

शून्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“उरली, बाबा.”

त्यांनी मान हलवली. “बरं केलंस, खरं सांगितलंस. म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच दारात उभा होतो.”

ते हसले, पण त्यानंतर त्यांनी संख्येचं नाव काढलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आठवड्याच्या आत गेले.

बऱ्याच दिवसांनी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. मुलगी तेव्हा बाबांच्या कपाटातले कपडे घड्या घालून पिशवीत भरत होती.

“फेरतपासणी झाली,” मैत्रीण म्हणाली. “आधी खाली बस. तुझ्या संगणकाच्या मेमरीत मध्येच एक अंक उलटला होता. तिथून पुढचं सगळं चुकत गेलं. इथे बाकी शून्य आलीय. दोन वेगवेगळ्या यंत्रांवर, दोन्हीकडे शून्य. बाबा असायला हवे होते गं.”

मुलीने फोन ठेवला. हातातल्या सदऱ्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

आई दाराशी येऊन उभी राहिली होती. “त्यांच्या संख्येचं काही?”

“हो,” मुलगी म्हणाली. “दुसऱ्यांदाही बाकी उरलीच, आई.”