न शिकलेला शब्द

कानाच्या चाचणीच्या खोलीत स्पीकरवर ढोल-ताशे दणाणत होते आणि काचेपलीकडून तातोबांच्या पत्नी द्वारकाबाई माइकवर वाक्यं बोलत होत्या.

"अहो, ऐकलं का, दूध उतू गेलं!"

तातोबांनी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आतापर्यंतची सगळी वाक्यं बरोबर आली होती!

"आता मी ढोलपथकात परत जाणार!" ते आनंदाने ओरडले.

डॉ. निलोफर यांचं मात्र समाधान झालं नव्हतं. तातोबांच्या कानातलं यंत्र वर्षभर घरातली बोलणी ऐकून कोण काय बोलतं ते शिकलं होतं. गोंगाटात शब्द हरवला, की ते स्वतःच अंदाजाने भरून टाकायचं. मग तातोबांना खरंच ऐकू येत होतं, की यंत्रच बोलत होतं? मिरवणुकीत यंत्राच्या अशा अंदाजाने ओरडून दिलेला एखादा इशारा चुकला, तर अख्खं पथक कोलमडणार.

"द्वारकाबाई, यांच्याशी तुम्ही कधीच बोलला नाहीत, असं काहीतरी बोला."

द्वारकाबाई विचारात पडल्या. मग त्यांनी पदर सारखा केला, मान खाली घातली आणि ढोल ऐन भरात असताना एकच शब्द उच्चारला.

तातोबा ताडकन उठले. पांढऱ्या मिशांवर हात फिरवत ते काचेपाशी गेले.

"काय ऐकलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं नाव! लग्नानंतर पहिल्यांदा घेतलं हिनं, तेही उखाण्याशिवाय!"

"पास झालात!" डॉक्टरांनी टाळीच वाजवली. "थांबा, ढोल बंद करते."

"छे, छे! आणखी वाढवा," तातोबा म्हणाले, "आणि तिला पुन्हा म्हणायला सांगा."