मऊ पडलेल्या चकल्या

मंदाकिनीबाईंच्या हृदयातलं यंत्र त्यांना जितका आनंद होईल तितकीच ताकद पायांना देत असे. मनगटावर हिरवा दिवा लागला तर जिना चढायचा, पिवळा असला तर घरातल्या घरात फिरायचं. बाईंचा दिवा उन्हाळ्यापासून पिवळाच होता. तिसऱ्या मजल्यावरच्या कुमुदताईंकडचा दिवाळीचा फराळ यंदा पहिल्यांदाच चुकणार होता. सुनेने भक्तिगीतं लावून पाहिली, नातवाच्या बारशाचा व्हिडिओही दाखवला. यंत्राने दखल घेतली नाही.

तेवढ्यात कुमुदताईंचा फोन आला.

"मंदा, यंदा माझ्या चकल्या मऊ पडल्या गं."

"अगंबाई, तुझ्या?" मंदाकिनीबाई हळहळल्या. दिवा हिरवागार झाला.

सांत्वन करायला त्या तिन्ही मजले न थांबता चढून गेल्या. कुमुदताईंनी ताट पुढे केलं. चकली कडकन मोडली.

"ही तर चांगली कुरकुरीत आहे."

"मग? खरं सांगितलं असतं तर चढली असतीस?"

मंदाकिनीबाईंनी धास्तावून मनगटाकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता.

"खोटारडी कुठली," म्हणत त्यांनी दुसरी चकली उचलली. "आणि मीठ कमी आहे," त्या अतिशय समाधानाने म्हणाल्या.